चौकटीत न मावणारी चित्रे

गेल्या वर्षी ग्रंथालयात एक पुस्तक शोधत होतो. चरित्रांचे कपाट पाहून झाले, सामाजिक शास्त्रांचे झाले, इंग्रजी साहित्याचे झाले. पुस्तक कुठेच दिसेना. नोंदवहीत मात्र ते होते. शेवटी सापडले ते अगदी खालच्या कप्प्यात, 'चांदोबा'चे जुने बांधीव अंक आणि इसापनीती यांच्या शेजारी. पुस्तकाचे नाव 'भीमायन'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य म्हणून जे सोसले ते सांगणारे, दिल्लीच्या 'नवयाना' या लहानशा प्रकाशनाने २०११ साली काढलेले हे पुस्तक. त्यात चित्रे आहेत, एवढ्याच कारणावरून त्याची रवानगी बालविभागात झाली होती.

यात ग्रंथपालांचा दोष आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या सर्वांच्याच मनात एक कपाट असते आणि त्या कपाटातही चित्रकथा सर्वांत खालच्या कप्प्यात असते. मी प्रकल्पासाठी हे पुस्तक निवडतो असे म्हणालो तेव्हा माझ्या एका प्राध्यापकांनी प्रेमानेच समजावले, "अरे, साहित्यावर लिही. चित्रांवर लिहायचे असेल तर चित्रकलेच्या शाळेत नाव घाल." सरांविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे मनातून जाईना. या लेखात त्या वाक्याला उत्तर देण्याचा माझा प्रयत्न आहे. उत्तर चुकीचे वाटल्यास त्यांनी कान धरावा.

चित्रकथेविषयीचा आपला समज कसा बनला हे पाहिले तर त्यात फारसे नवल वाटत नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीने 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळ वाचला. ती मालिका १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. १९६७ पासून अनंत पै यांची 'अमर चित्रकथा' आली आणि कृष्ण, शिवाजीमहाराज, झाशीची राणी घराघरांत पोहोचली. या दोन्ही मालिकांचे ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. सुट्टीत आडवे पडून वाचण्याची गोडी त्यांनीच लावली. परंतु त्यांच्यामुळे एक पक्के गणित डोक्यात बसले. चित्रकथा म्हणजे सारख्या चौकटी, त्या चौकटींत नाकीडोळी नीटस नायक, त्याच्या डोक्यावर बोलाचा पांढरा फुगा आणि शेवटी विजय. गोष्ट अगोदरच ठरलेली असते, चित्र तिच्यामागून चालते. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी केलेली ती सोय असते.

बाबासाहेबांवरही 'अमर चित्रकथे'ने १९७९ साली अंक काढला होता. त्याची चित्रे आपल्या मराठी दिलीप कदमांची. लहानपणचा अपमान, शिक्षण, संघर्ष, घटना अशी ती थोरामोठ्यांच्या चरित्राची नेहमीची वाट आहे आणि त्या वाटेवरचे ते प्रामाणिक काम आहे. त्या काळी लाखो मुलांच्या हाती जाणाऱ्या मालिकेत बाबासाहेबांना जागा मिळाली हीही लहान गोष्ट नव्हे. मग त्याच माणसाची, त्यातल्या बऱ्याचशा त्याच प्रसंगांची गोष्ट पुन्हा चित्रांत सांगण्याची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. माझे उत्तर असे, की 'भीमायन'मध्ये गोष्ट तीच असली तरी चित्राचे काम बदलले आहे. चित्र येथे गोष्टीमागून चालत नाही. जे शब्दांना सांगता येत नाही ते सांगायला ते आले आहे.

हा बदल जगात इतरत्रही झाला आहे, त्याचा ओझरता उल्लेख करतो. अमेरिकेत विल आयस्नर यांनी १९७८ साली न्यूयॉर्कमधल्या गरीब ज्यू वस्तीच्या कथा चित्रांत मांडल्या आणि त्या पुस्तकापासून 'ग्राफिक नॉव्हेल', म्हणजे आपण चित्रकादंबरी म्हणू, हा शब्द रूढ होऊ लागला. आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांनी भोगलेल्या नाझी छळछावणीची कहाणी 'माऊस' या नावाने सांगितली. ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरे! ती आधी त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या घरगुती म्हणावे अशा नियतकालिकात क्रमशः येत होती. पुढे १९८६ आणि १९९१ साली तिचे दोन भाग निघाले आणि १९९२ साली तिला पुलित्झर मिळाले. उंदीरमांजराची गोष्ट म्हणून हसणाऱ्यांना एवढे पुरावे. मोठ्या मासिकांना, मोठ्या कंपन्यांना अशी पुस्तके सुचत नाहीत, कारण त्यांना महिन्याला अंक काढायचा असतो आणि पुढच्या महिन्यात तोच नायक पुन्हा हवा असतो. वडिलांच्या छळाची गोष्ट पुढच्या महिन्यात चालू ठेवता येत नाही. म्हणून अशी कामे आधी लहान प्रकाशकांकडून, कधी पदरमोड करून, निघाली. परंतु मला आज अमेरिकेवर लिहायचे नाही. आपल्या साताऱ्याच्या, महाडच्या, चाळीसगावच्या गोष्टीवर लिहायचे आहे.

'भीमायन'चा पाया आहे बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेले एक छोटेसे आत्मकथन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्याचे नाव. १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. अस्पृश्यता म्हणजे काय हे परकीय माणसाला आकडेवारीने कळणार नाही, तेव्हा घडलेले प्रसंगच सांगावेत, असा त्यामागचा विचार. १९०१ साली वडिलांना भेटायला भावंडांसह साताऱ्याहून गोरेगावला निघालेला लहान भीम. मसूर स्टेशनावर ही मुले महारांची आहेत कळताच मागे सरलेले स्टेशनमास्तर. दुप्पट भाडे घेऊनही गाडीत न बसता शेजारून चालणारा गाडीवान. शिदोरी आहे पण पाणी नाही म्हणून उपाशी काढलेली रात्र. शाळेतला नळ स्वतः उघडायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. पुढे कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला हाच मुलगा १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू होतो, खोटे नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहतो, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहतात. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले नकार देतात, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला वस्तीतला माणूस लगाम धरतो आणि अपघात होतो. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने तोंड धुतले म्हणून कल्लोळ.

हे सारे आपण भाषणांतून ऐकलेले असते. जयंतीच्या दिवशी ऐकतो, टाळ्या वाजवतो. ऐकून ऐकून त्याची धार बोथट झाली आहे असे म्हटले तर कोणी रागावू नये. मला तरी 'भीमायन' पाहीपर्यंत तहान या शब्दाचा अर्थ त्या प्रसंगात नीट जाणवला नव्हता.

चित्रे काढली आहेत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याने. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. व्याम हे मध्य प्रदेशातले परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांचे परंपरेने चालत आलेले गायक. यजमानाच्या घरी जाऊन बाणा हे तंतुवाद्य वाजवीत त्यांच्या देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा गाणारे. ही यजमानकी ओसरत गेली. १९८० नंतर पाटणगढच्या जनगढसिंग श्याम या तरुणाला जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले आणि भिंतीवरची चित्रे कागदावर, कॅन्व्हासवर आली. जनगढच्या आप्तांपैकी अनेकांनी हाती कुंचला घेतला. त्यांतलेच हे दोघे. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. सांगायचा मुद्दा असा, की ज्यांचा पिढीजात धंदाच कथा सांगण्याचा, त्यांनी ही कथा सांगितली आहे. गळा गेला, हात राहिला.

या दोघांनी एक गोष्ट प्रथमच नाकारली असे पुस्तकाच्या शेवटी समजते. माणसांना चौकटीत कोंबायचे नाही! त्यांच्या मते त्यात माणसे गुदमरतात. म्हणून 'भीमायन'मध्ये नेहमीच्या सरळ रेघांच्या चौकटी नाहीत. पानाचे भाग पडतात ते दिग्न्याच्या वळणदार पट्ट्यांनी. दिग्ना म्हणजे गोंडांच्या घरी सणाला, लग्नाला जमिनीवर नि भिंतीवर काढायची नक्षी. आपल्याकडच्या वारली लग्नचौकासारखी तिची जागा घरात, मंगल प्रसंगात. ही पट्टी पानावरून नदीसारखी वळते. कधी माणसांना कवेत घेते, कधी मध्येच सुटून जाते.

प्रथम मला हा नुसता अलंकार वाटला. दोनतीनदा पाने उलटल्यावर वेगळे वाटू लागले. अस्पृश्यता ही मुळात जागेची गोष्ट आहे. कोणी कुठे बसावे, कोणी कुठवर यावे, कोणाची सावली कुठे पडावी. साताऱ्याच्या वर्गात लहान भीमाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यावे लागे, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे. म्हणजे चौकट ही येथे कागदावरची सोय नव्हे, गावाने आखलेली शीव आहे. अशा माणसाची गोष्ट पुन्हा चौकटीत बसवायची, तीही एकीशेजारी एक अशा सारख्या मापाच्या खोल्यांत, हे चित्रकारांना नकोसे वाटले असेल तर त्यात मोठा अर्थ आहे. मला माहीत आहे, यावर कोणी म्हणेल की उलट बंदिस्त चौकटींनीच कोंडमारा अधिक चांगला दाखवता आला असता. तो मार्गही शक्य होता. पण मग पान वाचणाऱ्याच्या अंगाला तो कोंडमारा आला असता आणि भीम मात्र शेवटपर्यंत कोंडलेलाच राहिला असता. व्याम दांपत्याने त्याला पानावर तरी मोकळे सोडले.

आता त्या तहानेविषयी. पाणी न मिळालेला भीम जेथे येतो तेथे त्याचे धड माशाचे झाले आहे. पाण्याबाहेरचा मासा हा शब्दप्रयोग आपण रोज करतो आणि त्यामुळेच तो मेलेला आहे. चित्रात तो पुन्हा जिवंत होतो. मुलाचा चेहरा मुलाचाच, मोठ्या डोळ्यांचा. खाली खवल्यांचे अंग. रडणारा चेहरा नाही, हात पसरणे नाही, दया मागणे नाही. नुसती एक गोष्ट सांगितली आहे: हा प्राणी पाण्यात राहणारा आहे आणि याला पाणी मिळत नाही. यापुढे महाडचे पान येते. २० मार्च १९२७, चवदार तळे. बाबासाहेब बोलत आहेत, समोर समुदाय आहे, आणि कर्ण्यांतून आवाजाऐवजी पाणी बरसते आहे. शब्द थेंबांसारखे लोकांवर पडत आहेत. आधीचा मासा पाहिलेल्या वाचकाला येथे काही समजावून सांगावे लागत नाही. मी साहित्याचा विद्यार्थी आहे. प्रतिमा पुढे नेणे, तिचा अर्थ वाढवत नेणे हे कवितेत कसे होते ते आम्हांला दोन वर्षे शिकवले गेले. तेच येथे घडते आहे, फक्त शाईने. मग हे साहित्य नव्हे का? सरांना माझे पहिले उत्तर हेच आहे.

पशुपक्षी या पुस्तकात सर्वत्र आहेत. आगगाडी सापासारखी वळवळत जाते. दौलताबादचा किल्ला एक हिंस्र जनावर होऊन बसला आहे. 'माऊस'मधल्या उंदीरमांजरांपेक्षा हे निराळे आहे. तेथे प्राणी हा मुखवटा आहे. कोण कुठल्या जातीचा म्हणून छापला गेला ते तो दाखवतो. येथे माणसे माणसेच राहतात, वस्तूंना जीव येतो. गोंड चित्रकाराला किल्ला दगडांचा दिसत नाही, तो आपल्याला खाईल की जाऊ देईल हे त्याला दिसते. पाण्याला हात लावू नये म्हणून ज्याच्यावर पहारेकरी ठेवला गेला त्या पाहुण्याला तरी किल्ला दुसरा कसा दिसला असेल?

बडोद्याचे पान मला सर्वांत आवडते. धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहतात. दोन मित्र आठवतात, दोघांकडूनही आसरा मिळत नाही. रात्रीच्या गाडीने मुंबईला परतायचे ठरते आणि तोवरचा वेळ बागेत. एवढा शिकलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, आणि शहरात बसायला जागा नाही. चित्रात माणूस आणि बाग वेगळी राहत नाहीत, एकमेकांत विरघळून जातात. मी हे पान वाचत नव्हतो, त्यात बसून होतो. चौकटीच्या चित्रकथेत डोळा पुढे पळतो, कारण पुढची चौकट बोलावत असते. येथे पुढे जायला रस्ताच नाही. ज्याला घर नाही त्याच्याबरोबर वाचकालाही थांबून राहावे लागते.

बोलाच्या फुग्यांविषयीही लिहिले पाहिजे. ज्यांच्या बोलण्यात माया आहे, ज्यांनी सोसले आहे, त्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे. विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यावर एक डोळा, कारण विचार म्हणजे मनाच्या डोळ्याने पाहणे. ही कल्पना इतकी सहज आहे की आजवर कोणाला कशी सुचली नाही असे वाटते. तरीही माझी तक्रार येथेच सुरू होते. विंचू आणि पक्षी अशी वाटणी केली की वाचकाला वाक्य वाचण्याआधीच निकाल कळतो. जातीचा खरा विखार पुष्कळदा गोड शब्दांतून येतो. बडोद्याचा तो हिंदू मित्र बाबासाहेबांना शिवी देत नाही; तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, एवढेच अडचणीच्या सुरात सांगतो. असे वाक्य विंचवाचे की पक्ष्याचे? आपल्या वर्गात, वसतिगृहात, भाड्याने खोली शोधताना "तसं आमचं काही नाही हो, पण घरचे..." हे जे वाक्य ऐकू येते त्याला कोणता आकार द्यायचा? विंचू नि पक्षी यांच्या अधलेमधले काहीतरी चित्रकारांनी शोधायला हवे होते. ते अवघड आहे हे मान्य. पण ज्यांना किल्ल्याचे जनावर करता आले त्यांच्याकडूनच ही अपेक्षा करता येते.

दुसरी तक्रार लेखकद्वयाकडे. बाबासाहेबांच्या कहाणीभोवती त्यांनी आजच्या शहरातल्या बसथांब्यावरचा एक संवाद गुंफला आहे. राखीव जागांवर चिडलेला एक तरुण आणि त्याला सारे समजावून सांगणारी एक स्त्री. हेतू उघड आहे. हे सारे जुने झाले असे म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचे आहे, म्हणून २००६ सालच्या खैरलांजीचा उल्लेख येतो, वर्तमानपत्रांतल्या बातम्या येतात. बातम्या आवश्यक होत्या असे मला वाटते. त्या वाचताना पोटात कालवते. पण तो संवाद मात्र शिकवणीचा वाटतो. तरुण नेमके तेच प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरे स्त्रीजवळ तयार आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर राखीव जागांवरून होणारी भांडणे ज्याने ऐकली आहेत त्याला माहीत आहे, की तेथे कोणी इतक्या लवकर निरुत्तर होत नाही. चित्रांनी वाचकावर जेवढा विश्वास टाकला तेवढा शब्दांनी टाकला नाही.

तिसरी गोष्ट नावाची. ज्या महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, त्या महाडाच्या नायकाच्या कथेला रामायणाच्या चालीवरचे नाव द्यावे हे मला खटकते. रामकथेला उलटे उत्तर म्हणून ते नाव घेतले असे समर्थन करता येईल. परंतु उत्तर देणाऱ्याने प्रश्न विचारणाऱ्याचेच आडनाव लावावे का? माझा एक मित्र मला म्हणाला, "तुला नाव खटकतं, आमच्या वस्तीत भीमाच्या नावानं पोवाडे, गाणी, कव्वाल्या सगळं आहे, लोक ज्या चालीवर गातात ती चाल लोकांचीच होते." त्याचे म्हणणे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

आणि एक नाजूक प्रश्न उरतोच. दलित नेत्याची कथा, चित्रे आदिवासींची, लेखन इंग्रजीत, प्रकाशन दिल्लीचे. कोण कोणाच्या वतीने बोलतो आहे? दलित साहित्याच्या चळवळीने आपल्याला हा प्रश्न विचारायला शिकवले आणि तो येथेही विचारला पाहिजे. माझे मत असे, की व्याम दांपत्याच्या चित्रांत परकेपणा जाणवत नाही, कारण त्यांनी बाबासाहेबांना आपल्या अंगणात आणले आहे. सुटाबुटातले, निळ्या कोटातले, हात उंचावलेले बाबासाहेब आपण चौकाचौकांत पाहतो. त्या पुतळ्याला मान आहे, पण पुतळ्याला तहान लागत नाही. दुर्गाबाईंच्या चित्रातल्या भीमाला लागते. मात्र हे पुस्तक ज्या भाषेत आणि ज्या किमतीला निघाले, त्यात बुरबासपूरच्या किंवा खटाव तालुक्यातल्या गोरेगावच्या मुलाच्या हाती ते सहजी पडणार नाही, हेही तितकेच खरे. स्वतंत्र प्रकाशनांच्या या सुंदर पुस्तकांची ती मोठी उणीव आहे. स्वातंत्र्य जपायचे तर प्रती थोड्या, प्रती थोड्या तर किंमत चढी. 'अमर चित्रकथा' एस.टी. स्टँडवर मिळे. हे गाऱ्हाणे मी कोणाविरुद्ध करीत नाही. पण ग्रंथालये जर ही पुस्तके बालविभागात टाकणार असतील, तर जी एक वाट उघडी आहे तीही बंद होते.

आपल्या देशात हे काम 'भीमायन'पासून सुरू झाले असेही नाही. ऑरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली 'कल्पवृक्ष' या पर्यावरणवादी गटाने काढले. नर्मदेच्या आंदोलनाची ती गोष्ट. पुस्तकातल्या धरणाचे नाव रेवासागर ठेवले आहे, परंतु कोणाच्या लक्षात येणार नाही असे नाही. शहरातला विष्णू हा तरुण पत्रकार बातमी करायला खोऱ्यात जातो आणि दुसरीकडे मालगू गायन हा गायक सृष्टीच्या जन्माची कथा गात असतो. पत्रकाराची गोष्ट नेहमीच्या चौकटींत चालते, गायकाची कथा येते तेव्हा रेषाच बदलते. विकासाची भाषा आणि नदीची भाषा एकाच पानावर भांडताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. नर्मदेच्या बुडीत क्षेत्रात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलीही गावे गेली आहेत, म्हणून हे पुस्तक आपले आहे. वर्षानुवर्षे ते मिळत नव्हते. लोक एकमेकांकडून झेरॉक्स करून घेत. २०२२ साली चेन्नईच्या 'ब्लाफ्ट'ने ते पुन्हा छापले.

जोतीरावांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'वरही २०११ साली 'नवयाना'नेच एक काळ्यापांढऱ्या चित्रांचे पुस्तक काढले. शब्द श्रीविद्या नटराजन यांचे, चित्रे अपराजिता निनन यांची. 'गुलामगिरी' मुळातच जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद. त्यामुळे फुगे आयतेच तयार होते म्हणा ना! त्यातला तिखटपणा, थट्टा, अवतारांची उडवलेली रेवडी ही चित्रांत चांगली उतरली आहे. तरी 'भीमायन'सारखे ते मनात घर करीत नाही. चित्र तेथे पुन्हा शब्दांचे ऐकते.

मराठी मातीतली ही दोन पुस्तके, एक साताऱ्या-महाडचे, दुसरे पुण्याचे, आणि दोन्ही पहिल्यांदा इंग्रजीत व्हावीत याचे मला वाईट वाटते. आपल्याकडे काय कमी होते? कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत. पोथी म्हणजे शिवलेले पुस्तक नव्हे. कागदावरच्या सुट्या चित्रांची चळत. सांगणारा पुढ्यात बसून एकेक चित्र उभे धरतो, वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीवर गातो, संवाद म्हणतो, मग पुढचे चित्र. सावंतवाडीच्या राजांचा तिला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ही कला चार दिवस वर्तमानपत्रांत होती. बंगालच्या पटचित्रकारांकडून मार्टिन ल्यूथर किंगचे चरित्र काढून घेणारा प्रकाशक चेन्नईत निघाला. पिंगुळीच्या चित्रकथ्याकडून आपण चवदार तळे काढून घेतले नाही. त्याच्या पोथीत रामायण आणि महाभारत आहे, तेवढ्यावरच आपण खूश आहोत.

सरांनी एक शंका काढली होती, तिला उत्तर द्यायचे राहिले. "यात परीक्षेला विचारणार काय?" असे ते हसत म्हणाले होते. सर, पुढल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेसाठी एक प्रश्न सुचवतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला गोरेगावच्या प्रवासाचा भाग आणि 'भीमायन'मधली तीच पाने शेजारी ठेवावीत, आणि शब्दांत जे आहे पण चित्रात नाही, चित्रात जे आहे पण शब्दांत नाही, ते विद्यार्थ्यांना लिहायला सांगावे. मी स्वतः हा प्रश्न घरी सोडवून पाहिला. पुरवणी घ्यावी लागली.

पुस्तक मी परत केले तेव्हा ग्रंथपालांशी बोललो. त्यांनी ते चाळले, माशाच्या पानाशी बराच वेळ थांबले आणि मग विचारले, "मग हे ठेवायचं कुठं? चरित्रात, की चित्रकलेत, की साहित्यात?" मी साहित्यात म्हणालो. सध्या ते त्यांच्या टेबलावरच आहे.